हरित कॉलेज, पण झाडू कुणाच्या हाती?

अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजने २००७ साली ठराव केला: २०१६ पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचे. २००९ मध्ये लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे ऊर्जाकेंद्र उभारले, २०१६ ला उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. स्वतःचेच जंगल राखल्याचे श्रेय हिशोबात धरले, हे मला खटकते. पण मुदत तरी घालून घेतली!

आपल्याकडे पर्यावरणदिनी रोप लावले, फोटो काढला, झाले. ओला-सुका कचरा निवडतात त्या कंत्राटावरच्या बायका, बहुतेकदा हातमोज्यांशिवाय. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती एसएनडीटीच्या प्रौढशिक्षण विभागाच्या कामातून. म्हणजे विद्यापीठांना हे जमते. मग कॉलेजच्या 'हरित समिती'त सफाई कामगार बाई का नको? तिचे वेतन, हातमोजे, विमा त्याच ठरावात का नकोत? मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या प्राचार्यांना एवढे विचाराच.