पोस्टर पाहुण्यांचे की गावाचे?



श्रावण अर्धा सरत आला की मालवणच्या बंदरावर नारळीपौर्णिमेची लगबग सुरू होते. किल्ले सिंधुदुर्गावरून दर्याला नारळ अर्पण होतो, मच्छीमार आणि व्यापारी आपापले नारळ घेऊन येतात, आणि बंदरावर नारळ लढविण्याची चुरस लागते. अलीकडे तेथे बायकांच्याही स्पर्धा होतात. तुमच्या गावात मंडळ किंवा बचतगट या दिवशी असा छोटा कार्यक्रम करणार असेल, सोबत नारळाच्या वड्या, खोबरेल, काथ्याच्या वस्तू विकणार असेल, तर आजचे चार शब्द तुमच्यासाठी.

आधी माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावी आम्ही नारळीपौर्णिमेला नारळाचे प्रदर्शन आणि नारळ-लढत ठरवली. पोस्टर मीच तयार केले. वर अध्यक्ष, मग उद्घाटक, मग चौदा प्रमुख पाहुणे, सगळे ठळक अक्षरांत. वेळ आणि जागा तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. तारीख तर नव्हतीच, नुसते ‘नारळीपौर्णिमेस’ असे लिहिले होते. त्या दिवशी बायका पहाटे उठून केलेल्या वड्यांचे डबे पुढे घेऊन बसल्या, पण गिऱ्हाईक येईना. संध्याकाळी आवराआवर झाल्यावर एक आजी आल्या आणि म्हणाल्या, “सायबानूं, नावां सगळी वाचलंय, पन येवचा कधी ता खंय लिवल्यात?” त्या वड्या शेवटी आम्हीच वाटून खाल्ल्या. मला त्या गोड लागल्या नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली. पोस्टर ज्यांची नावे छापली त्यांच्यासाठी नसते. एस्.टी.च्या थांब्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी ते असते. तिला चार उत्तरे हवीत: काय आहे, कधी आहे, कुठे आहे आणि मी का यावे? आपल्याकडे दशावतारी नाटकाचा फळा कसा असतो ते आठवा. कंपनी, आख्यान, जागा, वेळ. तेवढ्यावर माणसे रात्री कंदील-बॅटरी घेऊन चालत जातात.

म्हणून मजकूर एवढाच ठेवा: ‘नारळीपौर्णिमा. बायकांची नारळ-लढत. अमुक वार, अमुक तारीख, दुपारी 3 वाजता. देवळासमोरचे पटांगण. नारळ आपला आणावा. घरच्या नारळवड्या विकत मिळतील.’ तिथीबरोबर वार आणि तारीख लिहायला विसरू नका. 2023 साली राखीपौर्णिमा 30 ऑगस्टची की 31ची, असा घोळ घरोघरी झाला होता. पाहुण्यांची नावे हवीच असतील तर निमंत्रणपत्रिकेत घाला.

कागद 20 इंच बाय 30 इंच पुरतो. 10 फुटांवरून वाचायचे अक्षर निदान 1 इंच उंच हवे, आणि मुख्य ओळ त्याच्या तिप्पट. पांढऱ्या किंवा पिवळ्या कागदावर काळी अगर गडद निळी शाई उठून दिसते. निळ्यावर लाल अक्षर दुरून वाचता येत नाही. चित्र एकच काढा, दोन हातांत दोन नारळ. शाळेतली मुले हे आनंदाने करतील. तयार झाल्यावर पोस्टर मोबाइलच्या फोटोत पाहा. तिथे वाचता आले तर ते गावच्या ग्रुपवर आणि मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंतही जाईल.

आता माझ्या खात्याचा मुद्दा. पोस्टर माडाला खिळ्याने ठोकू नका. आंब्याच्या खोडाची जखम सालीने भरून येते, माडाच्या खोडाची कधीच भरत नाही. अशा जखमेत लाल सोंड्या भुंग्याची मादी अंडी घालते, अळ्या आतून खोड पोखरतात. तांबूस चीक गळताना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो आणि शेंडा कोलमडतो. 5 ते 20 वर्षांच्या माडांना हा धोका जास्त. नारळाचा सण सांगण्यासाठी नारळालाच भोक पाडावे काय? पोस्टर फळीवर चिकटवा, वर प्लॅस्टिकचा जुना कागद ताणून लावा, म्हणजे श्रावणसरीत टिकेल, आणि फळी काथ्याच्या दोरीने बांधा. आधीच खिळे मारलेले असतील तर ते काढून भोके डांबराने बुजवा.

जागा विचार करून निवडा. पिठाची गिरण, रेशनचे दुकान, मासळीबाजार, एस्.टी.चा थांबा, दूध-संकलन केंद्र. जेथे माणूस दोन मिनिटे थांबतो तेथे पोस्टर वाचले जाते. सार्वजनिक जागी लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला विचारा, खासगी भिंत असेल तर मालकाला. रिक्षावर भोंगा लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद असतो.

वेळापत्रक उलटे मोजा. पंधरा दिवस आधी जागा आणि वेळ पक्की करा, आठ दिवस आधी पोस्टर लावा, आठवडा बाजाराच्या दिवशी तोंडी सांगा, आदल्या दिवशी भोंगा फिरवा. सगळ्यांत भारी प्रचार तोंडचाच. बचतगटातील प्रत्येकीने पाच घरे वाटून घेतली तर कोणाला विचारत बसावे लागणार नाही.

शेवटी एक हिशेबाची गोष्ट. अधिक भाद्रपद नसेल तर नारळीपौर्णिमेनंतर अडीच-तीन आठवड्यांत गणेशचतुर्थी येते. म्हणून विक्रीच्या टेबलावर एक वही ठेवा आणि चतुर्थीच्या नारळांची, खोबरेलाची मागणी तेथेच लिहून घ्या. सण एका दिवसाचा असला तरी गिऱ्हाईक पुढेही टिकते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टर उतरवा बरे का! त्याची पाठ कोरी असते. चतुर्थीची जाहिरात त्यावरच लिहिता येईल.