पहारा कोणासाठी?

कोणत्याही सरकारी दलाची पारख त्याच्या गणवेशावरून होत नाही. ते कोणाच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडले, यावरून होते. भारतीय तटरक्षक दलाचा इतिहास या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर सोन्याचा चोरटा व्यापार फोफावला. कस्टम खात्याच्या नौका त्याला पुऱ्या पडेनात, आणि लढाईसाठी बांधलेल्या नौदलाला या कामी जुंपणे परवडणारे नव्हते. त्यातच १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. त्याच वर्षी सरकारने के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले रुस्तमजी हे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख होते. त्यांच्या समितीने १९७५ साली स्वतंत्र तटरक्षक दलाची शिफारस केली. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाचा हक्क सांगितला गेला. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेटी आणि पाच गस्तीनौका एवढ्या तुटपुंज्या सामग्रीनिशी हे दल हंगामी स्वरूपात सुरू झाले. पुढे जनता सरकारच्या काळात, ऑगस्ट १९७८ मध्ये, संसदेच्या कायद्याने त्याला स्थैर्य लाभले.

या कायद्याचे १४ वे कलम कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. दलाच्या कर्तव्यांच्या यादीत समुद्रातील तेलविहिरी व तत्सम उभारण्यांचे रक्षण पहिले आहे. त्याच्या पाठोपाठ येते ते मच्छीमारांचे संरक्षण आणि संकटात त्यांना मदत. तस्करीविरुद्ध कस्टमला साहाय्य करणे त्याच्याही खाली आहे. ज्या दलाचा जन्म तस्करीच्या चिंतेतून झाला, त्याच्या कायद्याने तस्कराच्या आधी कोळ्याचा विचार केला. ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र नंतरच्या घटनांनी हा क्रम पुसट केला. १९९३ साली रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरली, ती गस्तीनौका अपुऱ्या होत्या एवढ्यामुळेच नव्हे. कस्टम व पोलीस खात्यातील काही अधिकारी विकले गेले होते, आणि न्यायालयाने पुढे त्यांना दोषी ठरवले. २००८ साली हल्लेखोर मुंबईत आले ते ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून, तिच्यावरील तांडेल व खलाशांचा बळी घेऊन. कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरताच त्यांना प्रथम हटकले ते कोळीवाड्यातील माणसांनी. त्यानंतर २००९ साली प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारीही तटरक्षक दलाकडे आली. ते योग्यच झाले. पण ओळखपत्रे, नोंदण्या, झडत्या यांचा भार पडला तो मच्छीमारावर. जो हल्ल्याचा पहिला बळी आणि पहिला पहारेकरी होता, त्यालाच आपली ओळख वारंवार पटवून द्यावी लागते!

वादळात सापडलेल्या खलाशांना या दलाच्या जवानांनी जिवावर उदार होऊन वाचवले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. टीका जवानांवर नाही, धोरणावर आहे. २०१७ साली केंद्राने कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. ती धाब्यावर बसवणाऱ्या बड्या नौकांवर छोट्या होडीइतकीच करडी नजर राहणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. समुद्राची संपत्ती मूठभरांच्या जाळ्यात जात असेल, तर सीमा राखली जाईल, पण देशाची माणसे उपाशी राहतील.

म्हणून मागणी नव्या कायद्याची नाही, १९७८ च्या कायद्याचा शब्द पाळण्याची आहे. मच्छीमार सहकारी संस्थांना किनाऱ्याच्या सुरक्षेच्या नियोजनात हक्काचे स्थान मिळावे. केवळ खबर देण्यापुरते त्यांना बोलावू नये. किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी कोळीवाड्या-कोळीवाड्यांतून उभी करावी. गस्तीनौका येते आणि निघून जाते. कोळी मात्र रोज समुद्रावर असतो. त्याचा विश्वास गमावलेला पहारा कितीही नौका बांधल्या तरी अपुराच राहील.