दोष शोधावा तो हातांतल्या मोबाइलवर

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेथें आतां पुष्कळांच्या हातीं मोबाइल दिसतो. संगणकावर सुबक दिसणारें संकेतस्थळ त्या मोबाइलवर मात्र कधीं कधीं अडून बसतें. संगणकावरील खिडकी अरुंद करून पाहिली म्हणजे परीक्षा झाली, असें कित्येक विद्यार्थी समजतात. आम्हांस हें मान्य नाहीं. त्यानें पडद्याची रुंदी तेवढी कळते. स्वस्त मोबाइलची मंद गति, बोटाचा स्पर्श, अर्धें पान झांकणारा कळफलक, हें कांहींच कळत नाहीं.

अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्यें बिल्ड क्रमांकावर सात वेळां टिचकी मारली कीं डेव्हलपर पर्याय खुले होतात. त्यांतील यूएसबी डिबगिंग चालू करून मोबाइल तारेनें संगणकास जोडावा व क्रोममध्यें ‘क्रोम://इन्स्पेक्ट’ उघडावें. मोबाइलवरील पानाची रचना व दोषांचे संदेश संगणकावर दिसतात. तेथें केलेला पालट मोबाइलवर तत्काळ उमटतो! आयफोनास मात्र सफारी व मॅक संगणक लागतो. ही अट गरिबाच्या मुलास जाचक आहे.

पालकांनीं एवढें पाहावें : मोबाइल संगणकास परवानगी द्यावी काय असें विचारतो, तेव्हां परक्या संगणकास होकार देऊं नये, आणि काम होतांच तो पर्याय बंद करवावा.