चाकोरीबाहेर

दोन महिने इथे काही लिहिले नाही, म्हणून दोघातिघांनी "बाई, तब्येत बरी आहे ना?" असे विचारले. तब्येत उत्तम आहे. नाराजी होती, तीही स्वतःवरच, आणि अशा वेळी लिहायला उशीर लागतो. आज लिहितेच. घरातले काहीजण रुसतील, त्याला इलाज नाही.

तर झाले असे. थंडीत पुण्याला मुलाकडे गेले होते. नातवाने फोर-बाय-फोर गाडी घेतली आहे. त्याचा आणि मित्रांचा बेत ठरला: शनिवार-रविवार कोकणात, हॉटेल नाही, रस्ता नाही, थेट पुळणीवर तंबू. "आजी, तू पण चल." आम्ही यवतमाळची माणसे. भरती-ओहोटी मी फळ्यावर खडूने काढून शिकवली, पण प्रत्यक्ष समुद्र उभ्या आयुष्यात तीनदाच पाहिलेला. निघाले.

गाव मंडणगड-दापोलीकडचे. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की पुढच्या शनिवारी आणखी चार गाड्या तिथे जातील. आमच्याही चारच होत्या. सुरूचे बन ओलांडले, चाकांतली हवा कमी केली, मर्यादवेलीवरून गाड्या खाली उतरवल्या आणि मोकळ्या वाळूवर सोडल्या. खोटे कशाला बोलू, मलाही मजा वाटली. मी टाळ्या वाजवल्या. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर म्हाताऱ्यांना तरुणांची मजा बघवत नाही असे कुणी म्हणायचे.

दोनच्या सुमारास शेवटची गाडी रुतली. जितका जोर लावावा तितकी चाके खोल. पाणी चढत होते. गावातून ट्रॅक्टर आला, दोर आला. बरोबर एक वयस्क कोळी होते. ते म्हणाले, "आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती पुरी होणार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, हा तिकडचा हिशेब. पाऊणकीचे पाढे आम्हीही घोकले होते, ते कशाला उपयोगी पडतात हे सत्तरी ओलांडल्यावर कळले. चार गाड्यांत मिळून सात मोबाइल होते. एकानेही भरतीची वेळ पाहिली नव्हती.

गाडी निघाली. जाताना ते कोळीबाबा एवढेच म्हणाले, "गाडीचं काही नाही हो, दुसरी मिळते. पण तुम्ही जिथून उतरलात ना, तिथे कासवं अंडी घालतात."

त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही.

नंतर विचारले, वाचले, ते सांगते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने बुजवते आणि निघून जाते. 45 ते 60 दिवसांनी पिले बाहेर येतात. तोवर वरून काही दिसत नाही. आपण 'रिकामी वाळू' म्हणतो ती अशी असते.

आता मंडळींचे युक्तिवाद. रविवारी परतताना गाडीत सगळे ऐकून झाले आहेत.

पहिला: "आम्ही ओल्या, घट्ट वाळूवरच चालवतो." पण तिथवर पोचता कसे? कोरडी वाळू तुडवूनच ना?

दुसरा: "अंडी तर कुंपणात नेऊन ठेवतात." हो, ठेवतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी 2002 पासून हे काम उभे केले. पण घरटे सापडले तर ते हलवणार. ते सापडते कसे? पहाटे किनाऱ्यावर चालत जाऊन, कासविणीच्या सरपटल्याचा माग पाहून. त्या मागावरून तुमची चार चाके गेली की घरट्याचा पत्ताच पुसला गेला.

तिसरा: "आम्ही गेलो तर गावाला चार पैसे मिळतात." आमचे तेल, पाणी, अंडी, पाव सगळे पुण्याहून आले होते. गावाला मिळाले ते ट्रॅक्टरचे भाडे. वेळासला 2006 पासून कासव महोत्सव होतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्या हातचे जेवतात आणि किनाऱ्यावर पायी जातात. पैसे गावाला असे मिळतात.

चौथा: "ट्रॉलरच्या जाळ्यात किती मरतात, ते बघ की." खरे आहे, मरतात. पण ट्रॉलरचे सुकाणू माझ्या नातवाच्या हातात नाही. या गाडीचे आहे.

आमच्या टिपेश्वरच्या जंगलात सफारीची जिप्सी ठरलेली वाट सोडत नाही. वाघ दिसला तरी नाही. कुणी कुरकुर करत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे, आणि हे कासवही त्याच अनुसूचीत आहे. मग तिथे शिस्त आणि इथे मोकाट, असे का? वाघ आपल्याला खाईल, कासव काही करणार नाही, एवढेच ना? गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस गुन्हा नोंदवतात. पण पोलीस येईपर्यंत थांबायचे, ही शिकल्यासवरल्या माणसाची रीत नव्हे.

माझे वडील शेतकरी. वाफसा आल्याशिवाय ओल्या काळ्या रानात ते बैल घालत नसत, जमीन दडपते म्हणून. बंडी पांदणीनेच न्यायची. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नेली तर भांडण ठरलेले. रान वाचावे म्हणूनच तर पांदण असते.

त्या पांदणीत बंडीच्या चाकांनी जी खाच पडते, ती चाकोरी. 'चाकोरीबाहेर जगा' असे मीच वर्षानुवर्षे मुलांकडून निबंधात लिहून घेतले. आता वाचते तर कळते, की वाळूत गाडीने पाडलेल्या चाकोरीत कासवाचे पिलू अडकते. दोन बोटांएवढा जीव तो. त्याला ती भिंत चढवत नाही, समुद्राकडे जायचे सोडून ते खाचेतच चालत राहते आणि उन्हाने किंवा कावळ्याने मरते. निबंधाला मी दहापैकी नऊ गुण देत असे. ते आता परत घेतले.

बाहेर जाऊ नका असे मी म्हणत नाही. रात्रीचे ते आभाळ मी विसरणार नाही. तंबू गावाला विचारून, सुरूच्या बनामागे लावा, दिवे विझवा, कारण उजेडाने पिलांची दिशा चुकते. आणि गाडी रस्त्यावर ठेवून चालत जा. मी बहात्तर वर्षांची आहे, मला गुडघे आहेत, तरी मी चालले असते.

नातू हे वाचेलच. अजून त्याचा फोन नाही. रागावला असेल तर रागावू दे. चिडून का होईना, पुढच्या वेळी त्याने उतरताना गाडी थांबवली, तर मला पुष्कळ झाले.

असो. तुमच्याही घरी अशी गाडी असेल, तर हे तिच्या मालकाला वाचायला द्या.