उद्या कितीला जाईल?

वसईत कोणी महागाची वस्तू घेतली की दोन प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला घेतलीस? आणि उद्या कितीला जाईल? दुसरा प्रश्न आमच्या अंगात मुरला तो जमिनीमुळे. ज्या वाड्यांत केळी, पानवेली आणि मोगरा होता, त्यांचा हिशेब एका पिढीत गुंठ्यावर आला. बोरिवली ते विरार रेल्वेच्या चार मार्गिका २००७ मध्ये झाल्या, पण नालासोपाऱ्यात आणि विरार पूर्वेला इमारती त्याच्या कितीतरी आधीपासून चढत होत्या. ज्यांनी जमीन धरून ठेवली त्यांच्या घरात आज एक सूर असतो, ज्यांनी लवकर विकली त्यांच्या घरात दुसरा. हे बघत वाढलेल्या मुलांना घेतलेली प्रत्येक वस्तू वाढलीच पाहिजे असे वाटू लागले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात मला दोन घड्याळांचे फोटो पाठवले. दोन्ही स्विस, दोन्ही मेकॅनिकल, दोन्ही त्याच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी. खाली एवढेच लिहिले होते, ‘मामा, दहा वर्षांनी यातलं कुठलं जास्त देईल?’ मी फोन करून विचारले, ‘अरे, तुला आवडलंय कुठलं?’ तो थांबला. हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. दुकानदार, मित्र, व्हिडिओवाले, सगळे त्याच्याशी गुंतवणुकीच्याच भाषेत बोलले होते. मला या भाषेची चीड आहे. एखाद्या तरुणाला पहिल्या मोठ्या बोनसमधून सुंदर वस्तू घ्यावीशी वाटते, यात काही गैर नाही. पण त्या इच्छेची लाज वाटून तिला गुंतवणुकीचे कपडे घालावे लागतात, ते चुकीचे आहे. त्यात पैशांचेही नुकसान आहे आणि आनंदाचेही.

गुंतवणूक म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कोणी शिकवायला नको. सामवेदी असोत, वाडवळ असोत, कोळी असोत की कुपारी, इथल्या प्रत्येक घरातल्या आजीला सोन्याचा व्यवहार तोंडपाठ असतो. दागिना सोनाराच्या काट्यावर ठेवला की वजन कळते, घट वजा होते, उरलेल्याला त्या दिवसाचा दर लागतो. घडणावळ बुडाली तरी सोने हातात राहते. घड्याळाला असा काटाच नाही. स्टीलच्या घड्याळातले स्टील भंगाराच्या भावाचे. बाकीची सगळी किंमत कारागिरीची, नावाची आणि दुसऱ्या कोणाला तरी ते हवे असण्याची. हे हवे असणे जिनिव्हात, हाँगकाँगमध्ये, न्यूयॉर्कमध्ये ठरते आणि बदलते. शिवाय नवे घड्याळ घेताना आपण त्यात सीमाशुल्क आणि जीएसटी भरतो. विकताना त्यातला रुपयाही परत येत नाही. जुन्या घड्याळांचा व्यापारी आपला नफा सोडून भाव देतो. मधल्या वर्षांत एक-दोनदा सर्व्हिसिंग झालेले असते, आणि चांगल्या मेकॅनिकल घड्याळाचे सर्व्हिसिंग स्वस्त नसते. बहुतेक ब्रँडची घड्याळे दुकानातून बाहेर पडताच छापील किमतीच्या खाली जातात. वर जाणारी मॉडेल्स मोजकी असतात, आणि ती सहसा आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला छापील किमतीत मिळत नाहीत.

अलीकडचाच अनुभव पाहा. पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ हे स्टीलचे घड्याळ १९७६ साली आले. त्याचे ‘५७११’ हे मॉडेल कंपनीने २०२१ मध्ये बंद करायचे ठरवले आणि जुन्या बाजारात त्याचा भाव छापील किमतीच्या कित्येक पट झाला. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या रंगाची तबकडी असलेले एक ‘५७११’ त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६५ लाख डॉलरला गेले. ते दिवस टाळेबंदीनंतरच्या स्वस्त पैशाचे होते. क्रिप्टोत कमावलेले लोक घड्याळांकडे वळले होते. २०२२ च्या वसंतात वारे फिरले, व्याजदर चढू लागले आणि त्याच घड्याळांचे भाव खाली येत गेले. ज्यांनी पाटेक मनगटावर घालण्यासाठी घेतले होते त्यांचे काहीच बिघडले नाही. शिखरावर घेऊन, प्लास्टिकचे आवरणही न काढता तिजोरीत ठेवणाऱ्यांकडे मात्र कमी किमतीचे आणि कधीच न वापरलेले घड्याळ उरले.

आणि जे खरोखर प्रचंड किमतीला गेले, ते कसे होते? अभिनेता पॉल न्यूमनचे रोलेक्स डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर विकले गेले. तोपर्यंत लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला एवढी किंमत आली नव्हती. ते त्याला पत्नी जोआन वुडवर्डने दिले होते. तो मोटारशर्यतींत उतरायचा, म्हणून तिने मागच्या झाकणावर ‘गाडी सांभाळून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. त्या घड्याळाच्या तबकडीची तऱ्हा वेगळी होती, आणि दुकानांत असताना ती लोकांना फारशी आवडत नव्हती, अशी घड्याळे पडून राहत. न्यूमनने ते रोज वापरले. १९८४ मध्ये मुलीच्या मित्राकडे घड्याळ नाही असे दिसले, तेव्हा त्याने ते त्यालाच देऊन टाकले. त्या मुलानेही ते घालून अंगमेहनतीची कामे केली. या साखळीतल्या एकानेही पुढच्या किमतीचा विचार केला नव्हता. तरीही ती आली, आणि ती आली त्या माणसामुळे, त्या कोरलेल्या शब्दांमुळे आणि वापरामुळे. असे कोट्यवधींत एखादेच होते, हेही इथेच सांगायला हवे. त्यावरून कोणी आपल्या बोनसचे गणित मांडू नये.

मला या विषयाची ओढ लागली ती वडिलांच्या फेवर-लुबामुळे. ही कंपनी १७३७ पासूनची, स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावची. पण मुंबईत तिचे बस्तान १८६५ च्या सुमारास बसले आणि पुढची शंभरेक वर्षे ती इथलीच होऊन राहिली. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही तिची चावीची घड्याळे शिक्षक, रेल्वेतले कारकून, गिरणीतले जॉबर यांच्या मनगटावर असत. वडील आपल्या ‘सी किंग’ला रोज सकाळी चहाच्या वेळी चावी देत आणि मग लोकलला जात. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तबकडीवर काळे ठिपके धरले. काही पावसाळ्यांनंतर आकडे दिसेनात, तेव्हा वडिलांनी मुंबईतल्या घड्याळजीकडून डायल रंगवून घेतली. घड्याळ पुन्हा पांढरेशुभ्र झाले आणि घरात सगळ्यांना आनंद झाला.

मी ते एका संग्राहकाला दाखवले तेव्हा त्याने भिंग लावून क्षणभर पाहिले आणि अदबीने परत दिले. रंगवलेली डायल. त्याच्या जगात ठिपक्यांच्या मूळ डायलला मोल होते, या शुभ्र डायलला जवळपास काहीच नाही.

या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. संग्राहकाचे म्हणणे खोटे नाही. मूळ छपाई एकदाच होते, ती खरवडली की त्या वस्तूचा एक पुरावा कायमचा जातो. पण वडिलांचेही चुकले नव्हते. त्यांना वेळ पाहायची होती. ते घड्याळ त्यांनी पुढच्या कोणा खरेदीदारासाठी सांभाळले नव्हते, ते स्वतः जगण्यासाठी वापरले होते. एकाच तबकडीवर हे दोन न्याय समोरासमोर येतात आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. आपले घड्याळ कोणत्या न्यायाने चालवायचे हे घेतानाच ठरवले, तर पुढचे बरेच प्रश्न उरत नाहीत.

डायल रंगवण्याच्या याच कसबाचे पुढे जे झाले त्याचे मात्र मला दुःख आहे. इंटरनेटवर जुन्या घड्याळांचा बाजार उघडला आणि मुंबईतून फेवर-लुबा, एचएमटी, सीको यांची जुनी घड्याळे लाल, हिरव्या, तिरंगी तबकड्या लावून परदेशी जाऊ लागली. एका घड्याळाची केस, दुसऱ्याची मशीन, तिसऱ्याचे काटे. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. रंगवलेले म्हणून विकले तर त्यात पाप नाही. मूळचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि त्यात आमच्या शहरातल्या खऱ्या कारागिरांचे नाव गेले. जुने घड्याळ घेणाऱ्याने छपाईच्या कडा पाहाव्यात. जाड, पसरलेली अक्षरे, मिनिटांच्या रेषा आणि बसवलेल्या खुणा एका ओळीत नसणे, स्विस घड्याळात सहाच्या खाली ‘स्विस मेड’ नसणे, कंपनीने कधी न काढलेला रंग, यांतले एक जरी दिसले तरी हात आखडता घ्यावा.

एचएमटीतही मोल मूळ डायललाच. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळुरूला कारखाना निघाला आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ घराघरांत गेली. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात सासऱ्याकडून, अशी ती मिळत. कंपनी बंद होणार ही बातमी २०१४ मध्ये आली तेव्हा अचानक झुंबड उडाली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले. काहीशे रुपयांच्या ‘जनता’ला आज हौशी लोक त्याच्या कित्येक पट मोजतात. पण मोजतात ते स्वच्छ, मूळ डायलच्या घड्याळाला. ते विकत घेणाऱ्या कारकुनाच्या मनात संग्रह नव्हता. अर्थात तेव्हा ‘जनता’ऐवजी तेवढ्याच पैशांचे सोने घेतले असते तर आज जास्त आले असते, हेही तितकेच खरे. आणि मला विचाराल तर त्या माणसाने ‘जनता’ घेतली हेच योग्य केले.

वसईत घड्याळाची आणखी एक वाट होती, ती आखाताची. मस्कत, कुवेत, बहारीनला किंवा जहाजावर गेलेले इथले तरुण परतताना सीको फाइव्ह, सिटिझन ऑटोमॅटिक, आणि बरी कमाई झाली असेल तर राडो आणत. राडोचे ‘डायस्टार’ १९६२ चे, ओरखडा न पडणाऱ्या कठीण धातूचे. त्या काळात परदेशी घड्याळ आणि सोने यांची तस्करी जोडीनेच चाले. १९६२ च्या कस्टम्स कायद्यातले १२३ वे कलम आजही सोन्याबरोबर घड्याळांचे नाव घेते. तस्करीच्या संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडून जप्त झाले त्याच्यावर. म्हणून दुबईहून येणाऱ्या मित्राकरवी महागडे घड्याळ मागवणाऱ्या मुलांना माझे कळकळीचे सांगणे आहे, ते जाहीर करा, शुल्क भरा, पावती जपून ठेवा. वाचलेल्या पैशांपेक्षा ती धास्ती जड जाते. आता तर स्वित्झर्लंडसह एफ्टा या गटातल्या देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे आणि स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. म्हणजे आज गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घड्याळासारखेच नवे घड्याळ पुढे कमी शुल्कात मिळू शकते. तिजोरीत ठेवणाऱ्याने याचाही हिशेब करावा.

भाच्याला मी जे सांगितले ते असे. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे ना? मग घे. जे घातल्यावर दिवसातून दहादा बघावेसे वाटेल तेच घे. दहा लाखांच्या वरचे असेल तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच वसूल होणारा कर, घेतो, तो विवरणपत्रात जमा दिसतो की नाही ते तपास. डबा, बिल, वॉरंटी कार्ड फेकू नकोस, ते किमतीसाठी नव्हे, खरेपणासाठी लागते. केसवर ओरखडे येतील, येऊ देत. बफिंगला देऊ नकोस, कडा एकदा झिजल्या की पुन्हा येत नाहीत. विरार लोकलच्या गर्दीत बाही खाली घे. चामड्याचा पट्टा जून ते सप्टेंबर कपाटात ठेव आणि रबरी किंवा स्टीलचा लाव. ‘३० मीटर’ लिहिलेले असले तरी अर्नाळ्याच्या समुद्रात ते घालून उतरू नकोस. आणि ते लॉकरमध्ये ठेवशील तर लक्षात घे, बंद घड्याळातही तेल सुकते, रबराची सीलं कडक होतात. न घालताही सर्व्हिसिंगचा खर्च येतोच.

ज्यांच्या घरी वडिलांचे, आजोबांचे घड्याळ कपाटात पडून आहे, त्यांनी ते भंगारात किंवा ऑनलाइन देण्याआधी या महिन्यातच बाहेर काढावे. जोराने चावी देऊ नये. जुन्या घड्याळजीकडे न्यावे, आणि असा माणूस अजून हाताशी आहे तोवरच न्यावे, कारण त्यांची मुले या धंद्यात क्वचितच येतात. त्याला स्पष्ट सांगावे, मशीन उघडून साफ करा, तेल द्या. काच अॅक्रिलिकची असेल तर तिला पॉलिश चालेल. डायलला आणि काट्यांना हात लावू नका. बदललेला प्रत्येक पार्ट पुडीत घालून परत द्या. मग नवा पट्टा लावून घ्यावा आणि घरातल्या ज्याला हौस आहे त्याच्या मनगटावर ते बांधावे.