तोफा दिसतात, गुलाम दिसत नाहीत

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे १८६३ च्या जुलैमध्ये तीन दिवस लढाई झाली. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ५१ हजार माणसे मेली, जखमी झाली, कैद झाली वा बेपत्ता झाली. आज ती रणभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. तेराशेहून अधिक स्मारके आहेत, तोफांच्या रांगा आहेत. सुटीत कुटुंबे मोटारींतून येतात, तोफेशेजारी मुलांची छायाचित्रे काढतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. दोन्ही बाजू शूर होत्या, सहलीत राजकारण कशाला, असे समजूतदारपणे म्हटले जाते.

परंतु हा समजूतदारपणाच राजकारण आहे! १९१३ साली, लढाईच्या पन्नासाव्या वर्षी, उभय पक्षांच्या पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिकांचा मेळावा येथे भरला. जुने भांडण विसरले गेले, असा निर्वाळा अध्यक्ष विल्सन यांनी दिला. त्याच वर्षी त्यांच्या सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसविले जात होते. समेट झाला तो गोऱ्या-गोऱ्यांचा. त्याची किंमत मोजली ती मुक्त झालेल्या गुलामांनी. चार वर्षांनी त्याच मैदानावर गुलामीच्या बाजूने लढलेल्या सेनापती लीचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

आणि शूर कोण होते? उत्तरेत तीनशे डॉलर भरणाऱ्यास सक्तीच्या भरतीतून सूट होती. दक्षिणेत वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला घरी राहता येई. मैदानात पडला तो मुख्यतः शेतकरी आणि मजूर. या लढाईनंतर दहा दिवसांतच न्यूयॉर्कचे गरीब भरतीविरुद्ध उठले, आणि त्यांचा संताप धनिकांइतकाच निरपराध काळ्या माणसांवरही कोसळला. श्रमिकांतील या फुटीचे स्मारक कोणी बांधलेले नाही.

लीच्या सैन्याने वाटेत पेनसिल्व्हेनियातील स्वतंत्र काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत गुलामीत धाडले. अब्राहम ब्रायन हा स्वतंत्र काळा शेतकरी घरदार सोडून पळाला. अखेरचा मोठा हल्ला त्याच्याच शेताजवळ फुटला. परतल्यावर त्याने हजारावर डॉलरची भरपाई मागितली. मिळाले पंधरा!

२००८ साली उघडलेल्या तेथील संग्रहालयात गुलामगिरी हे युद्धाचे कारण म्हणून मांडलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याआधी शतकभर उद्यानाने सैन्यांच्या हालचालीच तेवढ्या सांगितल्या, आणि पाहुण्याला अजून तेच ऐकायला आवडते.

लढाईनंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केली. त्यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. युद्ध कशासाठी झाले, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या महाराष्ट्रातून गेलेले सुशिक्षित मात्र त्या मैदानावर उभे राहून तोफेचा पल्ला विचारतात. ब्रायनचे छोटे पांढरे घर तेथे अजून आहे. ते पाहण्यासाठी मोटारीतून उतरण्याची तसदी घ्यावी लागते, इतकेच.