परदेशातल्या दुधाला चव का नसते?

मिहानात कंपन्या आल्या, तशा आपल्या खापरी-चिंचभुवनकडच्या घरांतूनही परदेशवाऱ्या सुरू झाल्या. मुलगा किंवा जावई वर्षा-दोन वर्षांसाठी जर्मनीला, अमेरिकेला जातो आणि मागोमाग सून-नातवंडे. लोणची, मसाले, पापड बॅगेत जातात. दूध मात्र नेता येत नाही!

एका वाचक भगिनीने तिकडून कळवले आहे, की तिचा तीन वर्षांचा मुलगा इथे दोन वेळा आवडीने दूध प्यायचा, आता पेल्याला तोंड लावत नाही. चहाही पाणचट होतो. आणि घरची मंडळी फोनवर तिलाच बोल लावतात, "तुला दूधसुद्धा नीट घेता येत नाही का?" बाई गं, यात तुझे काही चुकलेले नाही. सासूबाईंनीही हे जरूर वाचावे.

पहिला फरक जनावराचा. विदर्भात आपल्या जिभेला सवय म्हशीच्या दुधाची. रतिबाचे नसले तरी पिशवीतले फुल क्रीम दूध म्हणजे त्यात 6 टक्के स्निग्धांश. तिकडे बहुतेक सगळे दूध गाईचे. अमेरिकेत 'होल मिल्क' म्हणतात त्यात किमान 3.25 टक्के, जर्मनीच्या 'फोलमिल्ख'मध्ये साधारण 3.5. आपल्याकडच्या टोन्ड दुधात 3 टक्के असतात. म्हणजे तिथले नेहमीचे दाट दूध आपल्या टोन्डच्याच घरातले! त्यातून कोणी '2 टक्के' किंवा 'सेमी स्किम्ड' उचलले, की चहाचे पाणी झालेच म्हणून समजा.

दुसरा फरक तापवण्याचा, आणि चव खरी बिघडते ती इथे. साध्या पाश्चराइझ दुधाला 72 अंशांवर 15 सेकंद ठेवतात, चव बरीचशी ताजी राहते. जास्त टिकावे म्हणून 135 अंशांच्या पुढे क्षणभर तापवले, की त्याला शिजल्याचा वास येतो. अमेरिकेत डब्यावर 'अल्ट्रा-पाश्चराइज्ड' असे लिहिलेले असते. गंमत म्हणजे महागडे ऑर्गेनिक दूध पुष्कळदा याच प्रकारचे निघते, तेव्हा किंमत पाहून भुलू नये. जर्मनीत 'हा-मिल्ख' म्हणजे फ्रीजबाहेर टिकणारे, 'लेंगर हाल्टबार' म्हणजे थोडे जास्त टिकणारे. ताज्या चवीसाठी 'ट्रॅडिशनेल हेरगेश्टेल्ट' हे शब्द शोधावेत. इंग्लंडमध्ये निळ्या झाकणाचे पूर्ण सायीचे, हिरवे अर्ध्या सायीचे, लाल बिनसायीचे. पण अलीकडे काही दुकानांनी रंगीत झाकणे बदलली आहेत, म्हणून अक्षरेच वाचावीत. तिथे जर्सी गाईचे दूध मिळाले तर जरूर घ्यावे. त्यात सुमारे 5 टक्के स्निग्धांश असतो, रंगही सुरेख पिवळसर. आखातात दुधाशेजारीच 'लबान' ठेवलेले असते. ते ताकासारखे आंबट असते. चहात पडले की संपलेच!

आणखी एक. पारदर्शक बाटलीतले दूध दुकानाच्या दिव्याखाली राहिले, की त्याला कागदासारखी चव येते. म्हणून जाड कागदी डबा बरा. बाटलीच घ्यायची तर पुढची न घेता मागची, तारीख पाहून.

आता दाटपणा हवाच, तर त्याचे गणित सोपे आहे. 1 लिटर पूर्ण सायीच्या दुधात 30 टक्के स्निग्धांशाची, साखर नसलेली 100 मिली क्रीम मिसळा. मिश्रण 6 टक्क्यांच्या जवळ जाते. चहाला, खिरीला, बासुंदीला हे छान लागते. दह्यासाठी दूध चांगले तापवून कोमट करावे, त्यात दोन-तीन चमचे दूध पावडर घालावी आणि साध्या दह्याचे विरजण लावावे. थंडीत भांडे बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवले की लागते. पनीर मात्र जास्त तापवलेल्या दुधाचे धड होत नाही.

आणि साय? ती विसरा! तिकडचे बहुतेक दूध एकजीव केलेले असते, कितीही तापवले तरी आपल्या गंजात येते तशी जाड साय धरत नाही. साय साठवून तूप करण्याचा नाद सोडून बिनमिठाचे लोणी आणावे आणि कढवावे, तूप अगदी साजूक होते.

ज्यांचे जाणे अजून व्हायचे आहे त्यांनी निघण्याआधी महिनाभर घरी गाईचे किंवा टोन्ड दूध सुरू करावे. मधून मधून किराणा दुकानातले, फ्रीजबाहेर टिकणारे डब्यातले दूधही मुलांना चाखवावे. तिथे पोचल्यावर नवे घर, नवी शाळा, त्यात नवे दूध असे सगळे एकदम नको.

पत्रलेखिकेने आधी आपल्या डब्यावरचे शब्द पाहावेत. जास्त तापवलेले असेल तर साधे पाश्चराइझ आणावे. त्यात चमचाभर क्रीम आणि वेलदोड्याची चिमूट घालून कोमट द्यावे, आणि क्रीम दर आठवड्याला थोडी कमी करावी. तरीही नको म्हणाला, तर पेल्यामागे लागू नये, दही, चीज, खीर यांतून दूध पोटात जातेच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र यातले कुठलेच दूध प्यायला द्यायचे नाही, तिथे अंगावरचे दूध किंवा डॉक्टर सांगतील ते.